नळ आला, पाणी कुठे अडले?

बीड जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की आपण लगेच आभाळाकडे बोट दाखवतो. बालाघाटच्या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, हे खरेच. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारला टँकर नवा नाही. पण जिथे तोटी बसूनही पाणी येत नाही, तिथला सगळा दोष आम्ही पावसाला देणार नाही.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. २०२४ पर्यंत खेड्यातील प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असे ठरले. सहा माणसांच्या घराला ३३० लिटर, म्हणजे १५ लिटरचे २२ हंडे. डोक्यावर एक, कमरेवर एक घेतला तरी ११ खेपा. या खेपा घरात कोण घालते, हे वाचक भगिनींना सांगायला नको. मुलींची शाळा बुडते ती इथेच.

महाराष्ट्रात योजनेचा निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ७०,१६३ कोटी रुपये दाखवले. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले, एक तृतीयांशाहूनही कमी. (पहिला आकडा वर्तमानपत्रात ठळक छापतात, दुसरा कुणी वाचत नाही.) मिशनसाठी मुळात मंजूर झालेला केंद्राचा वाटा संपत आला होता, हे त्यामागचे एक कारण. पाठोपाठ २०२५-२६ साठी ६७,००० कोटींची घोषणा झाली आणि मुदत २०२८ पर्यंत लांबली.

ही कपात गावात कशी उतरते? विहीर, पंप, जलकुंभ, मुख्य वाहिनी, गल्लीतला पाइप, शेवटी तोटी, अशी ही साखळी आहे. बिल थकले की कंत्राटदार मजूर काढून घेतो. २०२५ मध्ये राज्यातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावरही उतरले. काम मध्येच थांबले की गल्ली खोदलेली राहते, जलकुंभाचे नुसते खांब उभे राहतात. आधी खर्च झालेला पैसाही वाया गेल्यासारखाच, कारण अर्ध्या साखळीतून अर्धे पाणी येत नाही. ऊसतोडीची कुटुंबे नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात, आणि जार-टँकरचा खर्च उचलीतून उरलेल्या पैशांवर पडतो.

निधी हे एकच कारण नाही. स्रोत कोरडा असताना पाइप टाकणे हाही उधळपट्टीचाच प्रकार. निजामशाहीत सलाबतखानाने बांधलेली बीडजवळची खजाना विहीर पाहावी. तिथे आधी पाणी सापडले, मग भुयारी वाट काढून ते बागायतीपर्यंत नेले.

गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात, असे मिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या गावच्या समितीत कोण आहेत, हे आधी विचारावे. मग ग्रामसभेत कामाचे अंदाजपत्रक मागावे: किती मंजूर झाले, किती मिळाले, कुठले काम अडले. उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्यावे.