चिंध्यांची साक्ष

दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत ११ सप्टेंबर १९७३ रोजीं लष्करानें सत्ता बळकावली. पुढील वर्षांत एक हजाराहून अधिक माणसें पकडून नेलीं गेलीं, तीं परत आलींच नाहींत. त्यांच्या माता व पत्नी तुरुंगांचे आणि कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिल्या. अशा स्त्रियांसाठीं सांतियागो शहरांत १९७४ पासून ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या आश्रयानें शिवणकामाचे वर्ग भरूं लागले.

साहित्य अगदीं साधें. खालीं पोत्याचें तरट, त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे टांचून घरें, रस्ते, मागें आंदीज पर्वत आणि पुढें माणसें उभीं करावयाचीं. गोधडीच म्हणा ना! मात्र ही गोधडी पांघरण्यासाठीं नव्हे, सांगण्यासाठीं होती. तरटाला स्पॅनिश भाषेंत जें नांव, तेंच या चित्रांना मिळालें : आर्पियेरा. कांहीं जणींनीं तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा चित्रांत योजिला.

हीं चित्रें परदेशीं विकलीं जाऊन चूल पेटे, हा लाभ लहान नव्हता. परंतु ज्या दुःखाचा उच्चार शेजारणीपाशींहि करण्याची भीति, तें येथें सुईदोरा चालतां चालतां बोलतां येई. कलेनें मन शांत होतें असें म्हणणें सोपें आहे. या बायांना शांति नव्हे, सोबत मिळाली. सरकारनें हीं चित्रें देशद्रोही मानलीं. तरीहि तीं गुपचूप देशाबाहेर जात राहिलीं.