संगीताचा तास कोठे गेला?

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गुरुगृहापुरती कोंडलेली विद्या सामान्य घरांतील मुलांना शाळेसारखी शिकता यावी म्हणून. आज शाळा गावोगावी आहेत. संगीताचा तास मात्र बहुधा वेळापत्रकापुरता.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराहून अधिक असेल तर. पहिली ते पाचवीच्या, म्हणजे कान घडण्याच्या वयातील मुलांना असा शिक्षक नाही. उलट दहावीत शास्त्रीय संगीताच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळतात. पेरणीला बियाणे नाही आणि कापणीला बक्षीस, असा हा हिशेब! ज्याच्या पालकांना खाजगी शिकवणी परवडते त्याच्याच पदरात ते पडणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

घराने करावयाचे फार नाही. पेटी नसली तरी चालेल. आजीच्या ओव्या, भजन, आरती पुरे. (आरतीला झांज कोणी वाजवायची यावरून भांडणाऱ्या मुलांना तालाची गोडी नाही, असे कोण म्हणेल?) शाळेतही परिपाठाची प्रार्थना रोज होतेच. ती ओरडून न घेता बालकंठाला झेपेल अशा पट्टीत घ्यावी. एका केंद्रातील शाळांसाठी मिळून एक फिरता संगीतशिक्षक नेमला, तर पंधरवड्यातून एक दिवस तरी प्रत्येक शाळेच्या वाट्याला येईल. उरलेले दिवस वर्गशिक्षकाने तीच गाणी घोटून घ्यावीत.