नव्या मालाची अटकाव : डेबियनचा कारभार

पेढीचा हिशोब वहीतून निघून संगणकात गेला, तेव्हा त्या यंत्रातील प्रणाली कशी तयार होते हे व्यापाऱ्याने जाणून घेणे अगत्याचे झाले आहे. एकदा ऐन लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या यंत्रात नवी सुधारणा शिरली आणि बिले छापणे बंद पडले. तो दिवस आम्ही हाताने बिले लिहून निभावला, आणि मग या विषयाची चौकशी आरंभिली.

लिनक्सवर उभारलेली ‘डेबियन’ ही प्रणाली १९९३ सालापासून चालू आहे. तिच्यातील प्रत्येक जिन्नसास पॅकेज म्हणतात. नवे पॅकेज प्रथम ‘अनस्टेबल’ या कोठारात उतरते, काही दिवसांत गंभीर दोष न आढळल्यास ‘टेस्टिंग’मध्ये जाते, आणि टेस्टिंगचेच पुढे ‘स्टेबल’ होते. पेढीने वापरावे ते हेच.

स्टेबल निघण्यापूर्वी दारे क्रमाक्रमाने लावून घेतात. तेराव्या आवृत्तीच्या वेळी १५ मार्च २०२५ पासून, ज्यांच्या बदलाने इतर अनेक पॅकेजे पुन्हा बांधावी लागतात अशांना बंदी झाली. १५ एप्रिलपासून केवळ लहान, नेमक्या दुरुस्त्या. १५ मेपासून महत्त्वाच्या पॅकेजांना प्रकाशन-मंडळाची परवानगी. २७ जुलैपासून सर्वांनाच. परवानगी मागणाऱ्याने जुन्या-नव्यातील फरक ओळीओळीने दाखवावा लागतो. ‘नवे आहे, चांगले आहे’ एवढ्यावर भागत नाही, हे आम्हांस विशेष पटले. धोक्याचा माल दरम्यान ‘एक्सपेरिमेंटल’ या निराळ्या कोठारात ठेवतात. ९ ऑगस्टला आवृत्ती बाहेर पडली.

तथापि नुसते थांबल्याने सर्व दोष उघडे पडतात असे मात्र नव्हे. २०२४ साली ‘एक्सझेड’ या पॅकेजात कोणी चोरदार बसविले होते. ते अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्येही पोहोचले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. त्याने माग काढला आणि २९ मार्च रोजी प्रकार जाहीर केला. स्टेबलमध्ये तो माल गेलेलाच नव्हता, म्हणून ते वापरणारे बचावले. डेबियनने जुना ५.४.५ परत आणला, पण त्यावर क्रमांक घातला ‘५.६.१+रिअली५.४.५’, कारण यंत्र चढता आकडा पाहूनच माल उचलते.