जोडवादळांचा अंदाज

दोन चक्रीवादळे एकमेकांपासून साधारण १,४०० किलोमीटरच्या आत आली, की परस्परांच्या वाटेत ढवळाढवळ करू लागतात. एकाभोवतीचा वारा दुसऱ्याला ढकलतो आणि उत्तर गोलार्धात दोन्ही वादळे मधल्या एका बिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. जोडी असमान असेल तर दुबळे वादळ बलाढ्याभोवती फरफटते, कधी त्यातच विरून जाते. जपानी हवामानशास्त्रज्ञ साकुहेइ फुजिवारा यांनी १९२१ मध्ये पाण्यातल्या भोवऱ्यांच्या अभ्यासातून हे वर्तन मांडले, म्हणून तो ‘फुजिवारा परिणाम’.

ऑक्टोबर २००९ मध्ये फिलिपिन्सने त्याची किंमत मोजली. लुझॉन बेट ओलांडून पुढे गेलेले ‘पार्मा’ वादळ उत्तरेच्या समुद्रात रेंगाळले. पूर्वेकडून दुसरे वादळ ‘मेलोर’ जवळून गेले आणि ‘पार्मा’ मागे ओढले जाऊन पुन्हा लुझॉनवर आले. कित्येक दिवस पडलेल्या पावसाने बेंगेत प्रांतात दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली.

एकट्या वादळाची वाट मुख्यतः भोवतालचे मोठे वारे ठरवतात आणि ते संगणकीय मॉडेलला बऱ्यापैकी कळतात. जोडीत मात्र त्या वाऱ्यांचा एक भाग म्हणजे दुसरे वादळच. त्याचा आकार थोडा चुकला की पहिल्याची वाट चुकते, त्यामुळे दोघांतले अंतर चुकते आणि पुढची ओढही चुकते. खुल्या समुद्रावर मोजमापे तुटपुंजी असल्याने सुरुवातीची चूक टाळणे कठीण.

गंमत अशी, की मॉडेलचा नेहमीचा दोष ओढ कमी दाखवण्याचा नव्हता, अतिरेकाचा होता. अमेरिकेतील संशोधक कार आणि एल्सबेरी यांनी १९९७ च्या पश्चिम प्रशांत महासागरातील वादळांचे अंदाज तपासले, तेव्हा वादळांची परस्परक्रिया वाजवीपेक्षा जास्त दाखवणे ही मोठ्या चुकांमागची प्रमुख बाब ठरली. मॉडेलमधली वादळे खऱ्यापेक्षा ऐसपैस असत. साहजिकच ती एकमेकांना लवकर गाठत.

याचा संबंध जाळीशी आहे. मॉडेल वातावरणाचे चौकोन पाडून हिशेब करते. चौकोन मोठे असले, तर वादळाचा आवळलेला गाभा त्यांत मावत नाही, पसरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये २०२५ पासून ही जाळी ६ किलोमीटरची आहे, आधी ती १२ होती. अमेरिकेच्या ‘एचडब्ल्यूआरएफ’ या चक्रीवादळांच्या मॉडेलमध्ये बारीक जाळी एका वेळी एकाच वादळाबरोबर सरके, शेजारचे वादळ जाड जाळीत राही. जोडवादळांसाठी ही सोय अपुरीच. पुढे प्रायोगिक आवृत्तीत प्रत्येक वादळाला स्वतंत्र सरकती जाळी मिळाली.

तरीही एका अंदाजावर विसंबता येत नाही. युरोपीय हवामान अंदाज केंद्र सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून ५१ अंदाज काढते. जोडवादळांत या वाटांचे कधी दोन पुंजके पडतात: काहींत दुबळे वादळ ओढले जाते, काहींत निसटते. सरासरी वाट मधून जाते आणि तिकडे वादळ जाण्याची शक्यताच कमी असते. अशा वेळी सरासरी बाजूला ठेवून दोन्ही पुंजके वेगवेगळे तपासावे लागतात.