कळसूबाईची चढण आणि कागदावरचे गणित

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही घरचे चौघे कळसूबाईच्या शिखरावर जाण्यासाठी पुण्याहून निघालो आणि शिखर न गाठताच परत आलो. चौघे म्हणजे मी, पत्नी, तेव्हा आठवीत असलेला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. त्याच आठवड्यात मी महाविद्यालयात स्थितिज ऊर्जेचा धडा शिकवला होता. फळ्यावर सूत्र मांडले, उदाहरणे सोडवून घेतली. पण सहलीची आखणी करताना मात्र ते सूत्र मला आठवले नाही! त्या चुकीतून जे शिकलो, ते या लेखात सांगणार आहे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. पायथ्याच्या बारी गावातून वर जाणारी वाट नेहमीची व मळलेली आहे. या वाटेने चढ सुमारे ८५० मीटर आणि अंतर एका बाजूने साडेतीन किलोमीटरच्या आसपास पडते. सह्याद्रीचे डोंगर लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे बनलेले आहेत. कठीण थर झिजला नाही तेथे उभा कडा राहिला आणि मऊ थर झिजला तेथे उतार झाला. म्हणून कळसूबाईची वाटही थोडी उताराची, मग एकदम उभी, पुन्हा उताराची, अशी आहे. उभ्या जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत.

आमचे काय चुकले?

मी हिशेब केला तो फक्त अंतराचा. साडेतीन किलोमीटर म्हणजे किती? रोज सकाळी मी तेवढा फिरतोच. तास, फार तर दीड तास! म्हणून आम्ही निवांतपणे, सकाळी साडेदहाला बारीतून निघालो. वर चहा करून प्यावा म्हणून शेगडी आणि भांडीही घेतली. मुलाने हौसेने सर्वांत मोठी सॅक पाठीवर घेतली. पाणी चौघांत मिळून चार लिटर होते.

दुपारी एक वाजता पाणी संपत आले. तीन वाजता मुलीचे डोके दुखू लागले. सव्वातीनला आम्ही शेवटच्या शिडीच्या खाली पोहोचलो, तेव्हा शिखर अगदी समोर दिसत होते. ‘‘एवढे आलो आहोत तर आता जाऊनच येऊ,’’ असे मी म्हणालो. पत्नी म्हणाली, ‘‘वर जायचा विचार करताय, पण खाली यायला किती वेळ लागेल ते आधी सांगा.’’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आम्ही तेथूनच मागे फिरलो. तरीही खाली पोहोचायला पावणेसात झाले. शेवटचा अर्धा तास अंधारात, एका मोबाइलच्या उजेडात, मुलीचा हात धरून उतरलो. कोणालाही इजा झाली नाही, हे आमचे सुदैव. पण सुदैवावर सहल आखू नये.

उंचीचे मोल

आता फळ्यावरचे सूत्र घेऊ. m वस्तुमानाचा पदार्थ h उंचीवर न्यायचा असेल तर mgh इतके कार्य करावे लागते. सॅकसह आपले वस्तुमान ६० किलोग्रॅम धरू.

कार्य = ६० × ९.८ × ८५० = ४,९९,८०० जूल, म्हणजे जवळजवळ ५ लाख जूल.

ही संख्या डोळ्यांसमोर येत नसेल तर दुसऱ्या रीतीने पाहा. इमारतीचा एक मजला ३ मीटरचा धरला, तर ८५० मीटर म्हणजे २८३ मजले! साडेतीन किलोमीटर फिरून येणे आणि २८३ मजले जिने चढणे यांत केवढा फरक आहे, हे सांगायला नकोच.

मग वेळेचा अंदाज कसा करायचा? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक सोपा नियम दिला. तो मेट्रिक मापांत असा मांडतात : दर ५ किलोमीटर अंतराला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. याचाच अर्थ असा, की उभे १ मीटर चढणे हे वेळेच्या दृष्टीने सपाटीवरच्या सुमारे ८ मीटरांइतके आहे. कळसूबाईसाठी हा नियम लावू.

अंतरासाठी : ३.५ ÷ ५ तास = ४२ मिनिटे
चढासाठी : ८५० ÷ ६०० तास = ८५ मिनिटे
एकूण : १२७ मिनिटे, म्हणजे २ तास ७ मिनिटे

पाहा, वेळेचा दोनतृतीयांश भाग उंचीने खाल्ला. मी नेमका तोच भाग विसरलो होतो.

पण हा नियम सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. तो आपल्या कुटुंबाला जसाच्या तसा कसा लागू पडेल? यासाठी आपला गुणक आपणच काढावा. पुन्हा जायचे ठरल्यावर एका रविवारी आम्ही आतकरवाडीहून सिंहगड चढलो. तेथे चढ सुमारे ६०० मीटर आणि वाट पावणेतीन किलोमीटर आहे. नियमाने ९३ मिनिटे लागायला हवी होती. विश्रांतीचा वेळ वगळून आम्हाला १४० मिनिटे लागली. १४० ÷ ९३ = १.५. हा आमच्या घरचा गुणक. तो घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा असतो, हे ध्यानात ठेवा. पुढे गेलेल्यांना मागच्यांसाठी थांबावेच लागते.

म्हणून कळसूबाईला आमची वेळ १२७ × १.५ = १९० मिनिटे. त्यात दर तासाला दहा मिनिटे विश्रांती आणि न्याहारीसाठी वीस मिनिटे मिळविली, की चार तास होतात.

पाण्याचा हिशेब

आपले शरीर हेही एक यंत्र आहे आणि कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता शंभर टक्के नसते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. २५ टक्के धरली, तर ५ लाख जूल कार्यासाठी शरीराला २० लाख जूल ऊर्जा खर्चावी लागते. उरलेल्या १५ लाख जूलांचे काय होते? त्यांची उष्णता होते. ही उष्णता बाहेर पडली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाईल.

ती बाहेर टाकण्याचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना तो त्वचेकडून सुमारे २४ लाख जूल उष्णता घेतो. म्हणजे १५ लाख जूलांसाठी १५ ÷ २४ = ०.६ लिटर घाम हवा. हा झाला कमीत कमी आकडा. त्यात उन्हाची उष्णता मिळवायला हवी, आणि जो घाम वाळण्याऐवजी ठिबकून जातो तो उष्णता नेत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून मी हा आकडा दुप्पट केला, उतरणीचा व जेवणाचा भाग जोडला आणि माणशी अडीच लिटर पाणी ठरविले. पहिल्या खेपेला आम्ही माणशी एकच लिटर नेले होते, आणि तेही भर उन्हात चढताना. सुट्टीच्या दिवशी या वाटेवर लिंबूसरबताची खोपटी लागतात. पण जे पाणी आपल्या पाठीवर नाही ते हिशेबात धरू नये. घामाबरोबर क्षारही जातात, म्हणून थोड्या पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घालून न्यावे.

कोणी किती ओझे घ्यावे?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम. चौघांचे दहा किलो फक्त पाण्याचे झाले! मग बाकीचे कमी करायला हवे. आपला दम सारखाच राहिला आणि एकूण वस्तुमान दहा टक्क्यांनी वाढले, तर चढायला वेळही साधारण दहा टक्के जास्त लागतो. चार तासांच्या चढणीत ही वाढ चोवीस मिनिटांची होते. पहिल्या वेळी ४५ किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर ९ किलो ओझे होते, म्हणजे वजनाच्या पाचवा हिस्सा. तो सतत मागे पडत होता आणि मी त्याच्यावरच चिडत होतो! दुसऱ्या वेळी मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त काही ठेवले नाही.

शेगडी तर बारी गावातच ठेवली. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो, त्यामुळे पाणी ९५ अंशांच्या थोडे खालीच उकळते. चहा होईल, पण उघड्या भांड्यात डाळ शिजायला बराच वेळ लागेल. त्यापेक्षा दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि खजूर बरे. जड वस्तू सॅकमध्ये पाठीला लागून ठेवाव्यात. त्यामुळे गुरुत्वमध्य मागे ओढला जात नाही आणि शिडीवर तोल सांभाळता येतो.

येथे एक गैरसमजही दूर करू. ‘वर हवा विरळ असते म्हणून धाप लागते’ असे पुष्कळजण म्हणतात. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. कळसूबाईवरची धाप ही मुख्यतः त्या २८३ मजल्यांची असते. वरचा गारवा मात्र खरा. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशेबाने शिखरावर पायथ्यापेक्षा पाच-साडेपाच अंश कमी असतात, आणि घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते. एक स्वेटर जवळ हवाच.

उतरण सोपी नसते

वर चढून मिळविलेली ५ लाख जूल ऊर्जा उतरताना कोठे जाते? ती पोटात परत जात नाही! मांड्यांचे स्नायू ब्रेकसारखे काम करून तिची उष्णता करतात. ताणले जात असतानाच जोर लावावा लागल्यामुळे स्नायू थकतात, पाय लटपटतात. समजा अर्धा मीटर उंच दगडावरून ताठ पायांनी उडी मारली आणि शरीर ५ सेंटिमीटरमध्ये थांबले, तर पायांवर सरासरी वजनाच्या ११ पट बल येते. तेच गुडघे वाकवून २५ सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर ३ पट. उड्या न मारता, लहान पावले टाकीत, गुडघे किंचित वाकवून उतरावे, ते यासाठी.

म्हणून उतरायलाही आम्ही साडेतीन तास धरले. आता सर्वांत महत्त्वाचा आकडा काढता येतो. तो म्हणजे माघारीची वेळ. डिसेंबरात तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

सूर्यास्त : ६ वाजता
उतरण : वजा साडेतीन तास
राखीव वेळ (मुरगळलेला पाय, चुकलेली वाट) : वजा दीड तास
माघारीची वेळ : दुपारी १

आम्ही ती अर्धा तास आणखी अलीकडे, साडेबारा ठरविली. या वेळेला जेथे असू तेथून परत फिरायचे, मग शिखर दहा पावलांवर का असेना. हा निर्णय घरीच घ्यायचा असतो. शिखर समोर दिसू लागले, की डोके नीट हिशेब करीत नाही; माझ्याच डोक्याने केला नव्हता.

याच रीतीने पहिल्या सहलीचा हिशेब करून पाहा. साडेदहाला निघून चार तासांनी, म्हणजे अडीचला शिखर. माघारीची वेळ साडेबारा. ती सहल बारीतून पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच फसलेली होती. पाच मिनिटांचे गणित केले असते तर मुलीला अंधारात रडत उतरावे लागले नसते.

दुसरी खेप

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. आदल्या रात्री बारीतच मुक्काम केला. ज्या घरी उतरलो होतो तेथे परतण्याची वेळ सांगून ठेवली. प्रत्येकाजवळ विजेरी दिली. पहाटे साडेसहाला, झुंजुमुंजू होताना निघालो. सर्वांत पुढे मुलगी होती. तिच्या पावलांनी सगळे चालले. शिखरावरच्या कळसूबाईच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. अंदाज चार तासांचा, प्रत्यक्षात चार तास पंचवीस मिनिटे; चूक सुमारे दहा टक्के. शिडीवर गर्दी होती, तिचा वेळ मी धरलाच नव्हता. राखीव वेळ ठेवायचा तो अशासाठीच! वरून भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले पोटभर पाहिले, दशम्या खाल्ल्या आणि पावणेबाराला खाली निघालो. तीन वाजता बारीत होतो. मुलीच्या बाटलीत अजून थोडे पाणी शिल्लक होते.

तुम्ही करून पाहा

१. तुमच्या जवळच्या किल्ल्याची किंवा टेकडीची उंची आणि वाटेचे अंतर नकाशावरून काढा. नेस्मिथच्या नियमाने वेळ काढा, शिक्षकांसमवेत किंवा घरच्यांबरोबर चढा आणि तुमच्या गटाचा गुणक ठरवा.

२. तुमच्या वस्तुमानावरून चढणीचे कार्य, शरीरात निर्माण होणारी उष्णता आणि त्यासाठी लागणारा घाम काढा.

३. माघारीची वेळ काढून ती वहीत लिहा आणि निघण्यापूर्वी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला ती वाचता येते अशा प्रत्येकाला ‘आता फिरा’ असे म्हणण्याचा अधिकार असू द्या, मग तो वयाने सर्वांत लहान का असेना.