सादळलेली काच

तुमच्या घरी आजोबांचा किंवा मामांचा जुना कॅमेरा आहे का? माळ्यावरच्या पेटीत, तपकिरी चामड्याच्या केसमध्ये, लाल मखमलीत बसवलेला? मग आज रात्री एक करून बघा. दिवे मालवा, लेन्स हातात घ्या, एका बाजूने टॉर्चचा झोत तिरपा सोडा आणि दुसऱ्या बाजूने आत डोकवा. धुळीचे दोन-चार कण चमकतील, त्यांचं काही नाही. पण काचेच्या कडेकडून मध्याकडे सरकत आलेली एक पांढुरकी, तलम नक्षी दिसली तर श्वास रोखून बघा. वहीत जपून ठेवलेलं पिंपळाचं जाळीदार पान आठवेल.

ही बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर, पावसाळ्यात कोपऱ्यात राहिलेल्या चपलांवर येते, तिचीच भावंडं. पण काचेवर? तिथे तिला खायला काय मिळतं?

मिळतं, आणि ते बहुतेक आपणच वाढून ठेवलेलं असतं. बोटाच्या ठशातलं तेल, धुळीतला सेंद्रिय कचरा, लेन्सच्या पेचांमधलं ग्रीस, दोन काचा चिकटवणारा डिंक. एवढ्यावर तिचा संसार चालतो. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. ते लेन्समध्ये शिरतात आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच रेंगाळली की ते जागे होतात. पावसाळ्यातल्या मुंबईत किंवा कोकणात तर आर्द्रता ८० टक्क्यांच्याही पुढे असते. डब्यातला चिवडा सादळला, पापड मऊ पडला, की समजावं, कपाटातली काचही सादळली आहे.

दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात हाच प्रकार इतक्या वेगाने घडला की सैन्य हवालदिल झालं. धडधाकट दुर्बिणी आणि नेम धरायची साधनं काही आठवड्यांत आतून आंधळी होऊ लागली. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांना कामाला लावावं लागलं. दुर्बीण दुरुस्त करायला वनस्पतिशास्त्रज्ञ! पण रोगी काच असली तरी रोग वनस्पतिशास्त्राच्या खात्यातला होता, मग दुसरं बोलावणार कुणाला?

बुरशी नुसती काचेवर पसरून थांबत नाही. ती आम्ल सोडते. वेळीच हटवली नाही, तर तिच्या धाग्यांचा नकाशा काचेवर कायमचा कोरला जातो. त्यात पहिला बळी जातो तो लेन्सवरच्या लेपाचा.

या लेपाची गोष्ट थांबून ऐकण्यासारखी आहे. काचेवर पडलेला सगळा प्रकाश आत जात नाही, दर पृष्ठभागाशी सुमारे ४ टक्के मागे फिरतो. लायट्झ या जर्मन कंपनीची छोटी एल्मार लेन्स घ्या. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत याच कंपनीचा पहिला लायका कॅमेरा लोकांसमोर आला, त्याच्या पाठोपाठ ही प्रसिद्ध झाली. तिच्यात चार काचा तीन गटांत, म्हणजे हवेला भिडणारे सहा पृष्ठभाग. सहा ठिकाणी चार-चार टक्के जकात भरली की पाचवा हिस्सा प्रकाश वाटेतच गेला. बरं, गेलेला प्रकाश गुपचूप जातही नाही. तो आतल्या आत उड्या मारतो आणि चित्रावर पांढुरकं धुकं पसरवतो.

१८९० च्या दशकात डेनिस टेलर या इंग्रज भिंगतज्ज्ञाच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. वर्षानुवर्षं हवा खाऊन डागाळलेल्या जुन्या लेन्समधून नव्या कोऱ्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश जात होता! काळाने काचेवर एक पातळ थर चढवला होता आणि तो थर प्रकाशाला वाट करून देत होता. पुढे १९३५ मध्ये त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पोकळीत असा थर मुद्दाम चढवण्याची रीत शोधली. थराच्या वरच्या अंगावरून परतणारी लाट आणि खालच्या अंगावरून परतणारी लाट बरोबर उलट्या पावलात भेटतात आणि एकमेकींना मिटवून टाकतात. त्यासाठी मॅग्नेशियम फ्लोराइडच्या थराची जाडी हवी साधारण १०० नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस त्याच्या कित्येक शेकडो पट जाड असतो! जुन्या लेन्सवर दिसणारी निळसर-जांभळी झाक त्या थराची. आपण अंगठ्याने सहज पुसायला जातो ते हे.

आणि पुसणं हाच मोठा धोका आहे. वाळूचा कण बहुधा गारेचा, क्वार्ट्झचा असतो, काचेहून टणक. सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसली की तो कण कापडाखाली सापडतो आणि काचेवर गोल गोल फिरतो. म्हणून आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि त्यानंतरच, गरज असली तर, कापड.

खरं तर धुळीचा एखादा कण पुसायची घाई करायचं कारणच नाही. तो फोटोत दिसतच नाही. कसा दिसणार? समोरच्या झाडाच्या एका पानाचं टोक घ्या. त्या टोकाहून निघालेला प्रकाश लेन्सच्या अख्ख्या तोंडावर पडतो आणि लेन्स तो सगळा पुन्हा एका ठिपक्यात गोळा करते. चित्रातला प्रत्येक ठिपका लेन्सच्या सगळ्या अंगाने मिळून काढलेला असतो. एका कणाने त्यातला किती भाग अडणार? पण हजार बारीक ओरखडे आणि बुरशीची जाळी प्रकाश विखरून टाकतात. त्याने चित्रातलं काळं फिकट होतं, पांढरं मळतं.

मग हे नाजूक प्रकरण न्यायचं कसं? ऑस्कर बार्नाक यांनी लायका घडवला तोच मुळी खिशात मावावा म्हणून. त्यांना दम्याचा त्रास होता, जड कॅमेरे घेऊन हिंडणं झेपत नव्हतं. एल्मारचं उत्तर बघा. पुढे ओढा, जरा फिरवा, लेन्स तयार. काम झालं की उलटं फिरवून आत ढकला. कासवाने मान आत घ्यावी तशी ती कॅमेऱ्याच्या पोटात जाते. लेन्सची सगळ्यात चांगली पिशवी म्हणजे कॅमेराच!

सुट्या लेन्ससाठी बेकलाइटच्या डब्या मिळत, पुढे पारदर्शक प्लॅस्टिकचे घुमट आले. त्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे लेन्स आत नुसती ठेवायची नसे. डबीच्या तळाला कॅमेऱ्यासारखेच आटे असत, त्यात लेन्स फिरवून बसवायची. मग डबी कितीही हलली तरी काच कशाला टेकत नाही. छोट्या लेन्सला आपटण्यापेक्षा रोजचं घासणं जास्त मारतं, आणि त्यावर याहून साधा तोडगा मला माहीत नाही.

झाकणाचंही असंच. आपल्याला वाटतं, झाकण लेन्सला जपतं. जुन्या लायकात ते कॅमेऱ्याला लेन्सपासून जपतं! त्याचं शटर रबर चढवलेल्या कापडाचं. उघडी लेन्स दूरवर फोकस करून उन्हात वर तोंड करून ठेवली, की लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसं कापडाला भोक पडतं.

आता व्ह्यूफाइंडर, फोटोत काय येणार ते दाखवणारा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवून बसवायची ही सुपारीएवढी वस्तू म्हणजे मला छोटा चमत्कारच वाटतो. आतून बघितलं की एक पांढरी चौकट जगावर तरंगताना दिसते. चौकट खरी तर डोळ्याजवळच्या काचेवर असते, नाकापासून बोटभर अंतरावर. एवढं जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसूच शकत नाही! पण पुढच्या भिंगाच्या आतल्या, वाटीसारख्या खोलगट अंगावर अर्धपारदर्शक आरसा असतो. तो चौकटीचं प्रतिबिंब असं परत पाठवतो की ती क्षितिजावर असल्यासारखी दिसते. ही कल्पना डच संशोधक व्हॅन आल्बाडा यांची. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी असलेल्या काही व्ह्यूफाइंडरमधून देखावा नुसत्या डोळ्याला दिसतो तेवढाच दिसतो. मग दोन्ही डोळे उघडे ठेवा, रस्त्यावर हवेत काढलेली चौकट दिसेल आणि माणसं तिच्यात शिरताना-निघताना दिसतील.

त्या अर्ध्या आरशाला दमट हवा सोसत नाही. शिवाय खाचेत व्ह्यूफाइंडर फक्त घर्षणाने टिकलेला असतो. कॅमेरा खांद्याला लावून गर्दीत शिरलात की कुणाच्या कोपराने तो निघालाच म्हणून समजा. त्यामुळे चालताना काढून घ्यावा. फिल्मचं रीळ यायचं ती झाकणाची डबी, आत फ्लॅनेलचा तुकडा, आणि डबी आतल्या खिशात. लहान व्ह्यूफाइंडर त्यात छान बसतो.

घरी आल्यावर मात्र सगळ्यात मोठी चूक होते. आपण मायेने लेन्स चामड्याच्या केसमध्ये घालतो, केस कपाटात, कपाटाला कुलूप. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि अंधारात, वारा नसताना, बुरशीला हवं ते सगळं मिळतं. वापरात असलेल्या, उजेड बघणाऱ्या लेन्सला बुरशी क्वचितच गाठते. म्हणून केस प्रवासापुरती ठेवायची. घरी हवाबंद, रबर लावलेला डबा घ्यायचा, पापडाचा असतो तसा. आणि एसीच्या गाडीतून बाहेरच्या दमट हवेत जाताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्यायचा. थंड पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो तो मग पिशवीला फुटतो, काचेला नाही.

डब्यात एक पुडी हवी, सिलिका जेलची. वॉल्टर पॅट्रिक या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते बनवण्याच्या रीतीचं पेटंट १९१९ मध्ये घेतलं. दुसऱ्या महायुद्धात सिलिका जेलने लष्करी साधनं आणि पेनिसिलिन, दोन्ही कोरडी ठेवली. पेनिसिलिन तर बुरशीपासूनच मिळालेलं! नावात जेल असलं तरी हे कडक खडे असतात, आत अतिसूक्ष्म पोकळ्यांनी पोखरलेले. एका ग्रॅममधल्या सगळ्या पोकळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे ७०० चौरस मीटर होतील. चिमूटभर खड्यांत कबड्डीची पाच मैदानं! पाण्याचे रेणू त्या भिंतींना नुसते चिकटून बसतात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवला आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की बुरशीची भूक भागत नाही. त्याखाली फार कोरडंही नको.

आणि हे खडे कशाचे? सिलिकॉन डायऑक्साइडचे. काच मुख्यतः त्याचीच. काचेला ओरखडणारा गारेचा कणही त्याचाच. रंग बदलणारे खडे आणले असतील तर श्रावणात केव्हातरी नारिंगी पुडी हिरवी पडलेली दिसेल, म्हणजे भिंती पाण्याने भरल्या. ते खडे स्वयंपाकाला न वापरायच्या एखाद्या जुन्या कढईत घ्या, मंद आचेवर ठेवा आणि खिडकी उघडी ठेवून बाजूला उभे राहा. आठ-पंधरा दिवसांचा पाऊस हळूहळू हवेत उडून जाईल आणि कडेचा एक खडा आधी, मग शेजारचा, असं करत सगळे पुन्हा नारिंगी होतील.