गावप्रमुखाचा मंत्री झाला

राज्यकारभार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजधानी येते. मोठमोठ्या इमारती येतात. पण कारभाराची पहिली पायरी गावातच असते. ती पायरी चढून मंत्रीपदापर्यंत गेलेल्या एका गृहस्थांची हकिगत आज आपण वाचू.

हे गृहस्थ दक्षिण कोरियाचे. त्यांचे नाव किम दू-ग्वान. त्या देशात आडनाव आधी लिहितात. म्हणजे किम हे आडनाव आणि दू-ग्वान हे नाव.

बेटावरचे गाव

कोरिया आशिया खंडाच्या पूर्व टोकाला आहे. दक्षिण कोरियाच्या खालच्या किनाऱ्याला लागून नामहे नावाचे बेट आहे. तिथे डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. तिथला लसूण नावाजलेला आहे. पूर्वी बेटावर जायचे तर होडीशिवाय गत्यंतर नव्हते. १९७३ साली मोठा झुलता पूल झाला, तेव्हा कुठे बेट जमिनीला जोडले गेले. ह्याच नामहेत १९५९ साली किम यांचा जन्म झाला.

ते दोन वर्षांचे असताना, १९६१ साली, कोरियात लष्कराने सत्ता घेतली. गावोगावच्या निवडणुका बंद झाल्या. नामहे हा तिथला एक जिल्हा. आकाराने आपल्या तालुक्याहूनही लहान. तिथला मुख्य अधिकारी कोण, हे लोकांनी ठरवायचे नाही, वरून ठरायचे. आता विचार करा. ज्या अधिकाऱ्याला लोकांनी निवडलेच नाही, तो लोकांना कशाला विचारील? त्याचे डोळे सगळे वरच्या साहेबाकडे!

तुरुंगातून गावाकडे

राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट मते देऊन निवडावा, अशी मागणी पुढे जोर धरू लागली. तरुण किम त्या चळवळीत पडले. १९८६ साली त्यांना तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी लाखो माणसे रस्त्यावर आली. सरकारला नमते घ्यावे लागले, आणि लोकांना मताचा हक्क मिळाला.

किम मात्र शहरात राहिले नाहीत. ते गावी परतले. १९८८ साली संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि पडले. पण पडले म्हणून गाव सोडले नाही. ते आपल्या गावाचे प्रमुख झाले. कोरियात गावप्रमुखाला गावकरी पसंत करतात आणि वरची कचेरी त्याची नेमणूक करते. काम काय? सरकारचे म्हणणे गावाला सांगायचे आणि गावाचे म्हणणे सरकारला सांगायचे. काम लहान दिसते. पण ह्यात एक मोठी गोष्ट शिकायला मिळते. ती म्हणजे ऐकून घेणे.

उघड्यावरचा कारभार

१९९१ साली स्थानिक मंडळांच्या निवडणुका पुन्हा सुरू झाल्या. १९९५ साली जिल्ह्यांचे प्रमुखही लोकांच्या मतांनी निवडायचे ठरले. नामहेच्या लोकांनी किम यांना निवडले. वय अवघे ३६! साऱ्या देशात एवढ्या लहान वयाचा जिल्हाप्रमुख दुसरा नव्हता. १९९८ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

त्यांनी काय केले? लोकांच्या तक्रारींची उघड सुनावणी सुरू केली. तक्रार करणारा आणि अधिकारी समोरासमोर येत. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की टोलवाटोलवी चालत नाही.

नामहेत थंडी बेताची असते. म्हणून तिथे हिरवळीची मैदाने केली. हिवाळ्यात बाहेरगावचे खेळाडू सरावाला येऊ लागले. गावच्या खाणावळींना गिऱ्हाईक मिळाले.

आणखी एक काम सांगतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत कोरिया गरीब होता. तेव्हा हजारो कोरियन पुरुष पश्चिम जर्मनीच्या खाणींत कामाला गेले. हजारो मुली तिथे परिचारिका झाल्या. म्हातारपणी त्यांना मायदेशाची ओढ लागली. किम यांच्या कारकिर्दीत त्यांच्यासाठी नामहेत वसाहतीचे काम सुरू झाले. त्या वसाहतीला 'जर्मन गाव' म्हणतात. आज ती पाहायला लांबलांबून माणसे येतात.

मंत्रीपद आले आणि गेले

२००३ साली रोह मू-ह्यून राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी किम यांना स्थानिक कारभाराचे खाते दिले आणि मंत्री केले. कालचा गावप्रमुख आज साऱ्या देशाच्या गावांचा मंत्री!

पण खुर्ची कुणाची कायमची नसते. त्याच वर्षी काही विद्यार्थी अमेरिकन लष्कराच्या सराव मैदानात घुसले. बंदोबस्त नीट ठेवला नाही, असा ठपका मंत्र्यांवर आला. संसदेत विरोधकांचे बहुमत होते. त्यांनी किम यांना काढण्याचा ठराव मंजूर केला. किम यांनी राजीनामा दिला. जेमतेम सात महिन्यांत मंत्रीपद गेले.

पुढेही सोपे नव्हते. २००२, २००४, २००६ आणि २००८ अशा चार निवडणुका ते ओळीने हरले. दुसरा असता तर घरी बसला असता. हे पाचव्यांदा उभे राहिले. २०१० साली ते कुठल्याही पक्षाच्या तिकिटाशिवाय दक्षिण ग्योंगसांग प्रांताचे राज्यपाल म्हणून निवडून आले. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो. तिकडे प्रांताचा कारभारी लोक निवडतात, आणि त्याची मुदत चार वर्षांची असते.

अर्ध्यावर सोडलेली खुर्ची

इथवर आपण त्यांची वाहवा केली. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१२ साली, मुदत निम्मी उरली असताना, किम यांनी ते पद सोडले. त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती. पण पक्षाने मून जे-इन यांना पसंत केले. तेल गेले, तूपही गेले!

रिकामी खुर्ची रिकामी राहत नाही. पोटनिवडणुकीत विरुद्ध पक्षाचे होंग जून-प्यो निवडून आले. त्यांनी २०१३ साली जिंजू शहरातला शंभर वर्षांहून जुना सरकारी दवाखाना बंद केला. दवाखाना कर्जात आहे आणि कामगार संघटना ऐकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दवाखान्याचे कामगार आणि पुष्कळ नागरिक ह्याविरुद्ध झगडले, पण दवाखाना बंद झाला. २०१५ साली शाळेतल्या मुलांच्या फुकट जेवणाला मिळणारी प्रांताची मदतही थांबली. ती पुढे पुन्हा सुरू झाली.

होंग यांनाही लोकांनीच निवडले होते. म्हणून सारा दोष एकट्याचा, असे आम्ही म्हणत नाही. पण खुर्चीवर कोण बसतो ह्यावर दवाखान्याचे दार आणि पोराच्या ताटातला घास अवलंबून असतो, एवढे ह्यातून कळते. किम यांनीही, मधेच पद सोडल्याबद्दल, पुढे लोकांची माफी मागितली.

लोकांनी त्यांना २०१६ आणि २०२० साली संसदेत पाठवले. २०२४ साली पुन्हा पाडले.

पाहा, वर नेणारे लोकच आणि खाली आणणारेही लोकच. मत हे उसने दिलेले धान्य आहे. घेणाऱ्याने ते सालअखेर मापाने परत करायचे असते. आणि देणाऱ्यानेही माप विसरायचे नसते. उमेदवार दारात आला की त्याला दोन गोष्टी खुशाल विचाराव्या. आमचे ऐकून घेशील ना? आणि हाती घेतलेले काम मुदतीपर्यंत निभावशील ना?